पहिलं दळण

दगडाला टाकी लावायचा दिवस गिरणीवाल्या काकूंना कधीच आवडला नाही. एक तर त्या दिवशी गिरणी बंद, त्यामुळे दारात माणूस नाही, आणि बोलायला माणूस नसलं की काकूंचं पोट दुखतं. दुसरं म्हणजे कंबर. वरचा दगड साखळीने उचलायचा, उलटा करून पोत्यावर टेकवायचा आणि छिन्नी-हातोडी घेऊन त्याच्या झिजलेल्या खाचा एकेक करत पुन्हा खोल करायच्या. मनगट सुजतं, डोळ्यांत कच जाते. पण नवं धान्य घरोघर यायला लागलं होतं, आणि गुळगुळीत झालेल्या दगडातून पीठ निघत नाही, भरड निघते. तेव्हा इलाज नव्हता.

समोर बसून सून दगडाची दुसरी बाजू ठोकत होती. दोघींचे ठोके एकाआड एक पडत होते. लग्न होऊन आली तेव्हा हिला हातोडी कुठून धरायची ते माहीत नव्हतं. आता ती काकूंपेक्षा सरळ खाच पाडायची. काकू हे सगळ्या गावाला सांगत. सुनेला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

उंबऱ्यावर नात बसली होती. मांडीवर सूप, सुपात गहू, आणि लक्ष गव्हात सोडून सगळीकडे. तिला घरात आणि गावात बेडकी म्हणत, कारण ती चालायची नाहीच, उड्या मारत जायची. तापातून उठल्यापासून मात्र ती चालत होती. पाय काटक्यांसारखे झाले होते, केस गळाले म्हणून कातरून बारीक केले होते.

"अगं, खडे वेच ना! सुपात खडे आहेत, रस्त्यावर नाहीत," काकू ओरडल्या.

"वेचतेय ना आजी."

काकूंनी मान खाली घालून पुन्हा छिन्नी धरली. नात उंबऱ्यावर बसली आहे, काम टाळते आहे आणि आपण तिच्यावर ओरडतो आहोत, याहून जास्त काही मागायची त्यांची छाती नव्हती. मागच्याच महिन्यात या मुलीच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या बदलताना त्यांचं न मागायचं तेही मागून झालं होतं.

दुपार कलताना गुरुजी आले. शाळेत शिक्षक दोन, हे मोठे. सायकल भिंतीला लावून ते दारातच उभे राहिले, कारण आत पाय ठेवला की पांढरे होतात हे त्यांना ठाऊक होतं.

"काकू, निकाल आला. दोनदा पाणी तपासलं, दोन्ही वेळा स्वच्छ. सोमवारी शाळा उघडायची."

काकूंच्या हातातली हातोडी तशीच राहिली. "खरं?"

"खरं. पण एक अडचण आहे." गुरुजींनी घाम पुसला. "शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, पहिल्या दिवशी वर्ग भरलेले दिसले पाहिजेत. ते स्वतः नाही येणार, पण दुपारी फोन करणार. मुलं आली नाहीत तर ही शाळा बंद करून हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळतील. कागद तयारच आहे, म्हणाले."

"हमरस्ता ओलांडून? या एवढ्याशा पोरी?"

"पोरी कशाला जातील काकू? मुलगे जातील. पोरी घरी बसतील."

हे काकूंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ही शाळा होण्याआधी त्या स्वतः तशाच घरी बसल्या होत्या. पाटीवर त्या पहिल्यांदा लिहायला शिकल्या ते लग्न झाल्यावर, गिरणीत, डब्यांवर खडूने वजन लिहिता यावं म्हणून.

"मग सांगा ना घरोघर," त्या म्हणाल्या.

"मी सांगितलं की लोक मान डोलावतात आणि पाठवत नाहीत. तुम्ही समितीच्या सदस्य आहात. तुमचं ऐकतील."

"आणि अध्यक्ष?"

"अध्यक्षांचा गुडघा दुखतोय."

"कामाचं नाव काढलं की दुखतो त्यांचा गुडघा. मिरवणूक असली की बरा असतो."

गुरुजी हसले. सून हसली नाही. तिने दगडावरची कच फडक्याने झटकली आणि पुन्हा ठोकायला लागली.

काकू शाळा समितीवर कशा गेल्या याचं कोणाला नवल नव्हतं. निम्मं गाव रोज त्यांच्या दारात डबा घेऊन उभं राहायचं. कोणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना कळायचं आणि त्यांना कळलेलं सगळ्यांना कळायचं. पण या उन्हाळ्यात तीच गिरणी ओस पडली होती. विहिरींचं पाणी तळाला गेलं, शाळेच्या हौदाचं झाकण कधीचं फुटलं होतं त्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि मुलं एकामागून एक तापाने आडवी झाली. मुलांकडून मोठ्यांना. शाळेला कुलूप लागलं. नर्सबाई घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होत्या की ताप पाण्यातून येतो, पाणी उकळा, हात धुवा. लोक पाणी उकळत होते, हात धुवत होते आणि तरीही शेजाऱ्याच्या सावलीला भीत होते.

आणि मग गिरणीत लोक म्हणायला लागले, "काकू, त्यांच्या पाठीवर आमचं दळू नका हं."

दगडात आधीच्या दळणातलं थोडं पीठ राहतंच. ते पुढच्याच्या डब्यात जातं, पुढच्याचं त्याच्या पुढच्याच्या. म्हणून तर गव्हावर गहूच दळायचा आणि मक्यावर मकाच. वर्षानुवर्षं सगळं गाव एकमेकांचं चिमूटभर पीठ खात आलं होतं आणि कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. सगळ्यात जास्त बोभाटा दोरवाल्यांच्या डब्याचा झाला, कारण त्यांच्या घरात सगळेच आजारी होते आणि म्हातारा तर गेलाच. त्यांचा डबा रांगेत दिसला की मागचे लोक आपले डबे उचलून घरी जायचे.

काकूंनी भांडण केलं नाही, म्हणजे थोडंच केलं. मग त्यांनी एक रीत धरली. तापाच्या घरातला डबा दळला की त्याच्या पाठीवर लगेच स्वतःच्या घरचं धान्य टाकायचं. राहिलेलं पीठ आपल्याच डब्यात. त्यानंतर बाकीच्यांचं. "आता तरी ठीक आहे ना?" त्या विचारायच्या. लोक खाली बघून ठीक आहे म्हणायचे. आणि काकूंच्या घरात ते पीठ तव्यावर भाजून, सगळ्यांनी बसून खाल्लं जायचं. ते त्या लपवतही नव्हत्या.

पुढे बेडकीला ताप आला.

नर्सबाईंनी सांगितलं, पोरगी खेळता खेळता शाळेच्याच हौदाचं पाणी प्यायली होती, पिठाचा काही संबंध नाही. काकूंनी ते ऐकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. सुनेने ऐकलं आणि ती काही बोलली नाही. ती तेव्हापासून फारसं काही बोलतच नव्हती.

गुरुजी गेले त्याच संध्याकाळी काकू निघाल्या. चपला घातल्या, डोक्यावरचं पीठ झटकलं, पदर खोचला. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचं नाही. कोणाच्या दारात उभं राहून त्या "कोण आहे का घरात?" म्हणाल्या की चार घरांमधून माणसं बाहेर यायची. त्यामुळे काम लवकर उरकत होतं.

"सोमवारी शाळा उघडतेय! हौद घासून काढला, चुना मारला, आता जंतू मारायची पांढरी पावडर टाकायची! झाकण नवं, लोखंडी, कुलपासकट! नळ नवा! पाणी दोनदा तपासलं! ज्याला भीती वाटते त्याने घरून उकळलेल्या पाण्याची बाटली द्या, कोणी हसणार नाही! ज्याला ताप येऊन गेला त्याने आधी नर्सबाईंना दाखवा! आणि नखं कापा पोरांची, माझं नाव सांगून कापा!"

लोक ऐकून घेत होते. काही जण हसत होते. शिवणकामवाली म्हणाली, बघू. गवंडी म्हणाला, बघतो. धोब्याच्या आईने तर काकूंना बसवून चहा दिला, आजारपणात डबा घरपोच केल्याबद्दल दोन्ही हात धरले, डोळे पुसले आणि शेवटी तीही म्हणाली, बघते हं. इतकं बघणारं गाव काकूंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

दोरवाल्यांच्या अंगणात काम चालू होतं. दोरवाला एका टोकाला चाक फिरवत होता आणि त्याची बायको कमरेला काथ्या बांधून, बोटांतून धागा सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे चालली होती. मागे न बघता ती बरोबर भिंतीपाशी थांबायची. तिची मुलगी तिथे दोर सावरायला उभी होती, बेडकीच्याच वर्गातली. म्हातारा असताना ते काम तो करायचा.

"सोमवारी शाळा," काकू म्हणाल्या. इथे त्यांचा आवाज जरा उतरला.

"ऐकलं. तुम्ही वरच्या आळीत बोलत होतात तेव्हाच ऐकलं." दोरवालीने धागा सोडला नाही. "काकू, मी पाठवीन. पण आमची मुलगी आधी गेली तर बाकीचे आपली मुलं परत नेतील. तुम्ही पाहिलंय ना, डब्यांचं काय झालं ते."

तिच्या मुलीने दोराला हात लावून ताण पाहिला आणि आईकडे मान हलवली. पोरगी दोर वळायला शिकत होती. चांगलं शिकत होती, आणि तेच काकूंना बरं वाटलं नाही.

चौकात सायकलवाल्याचं दुकान. तो ट्यूबला ठिगळ लावत होता आणि भोवती गप्पा मारायला माणसं जमलेली. काकूंचा पाढा सुरू झाला, हौद, चुना, झाकण, नळ. सायकलवाल्याने पूर्ण होऊ दिला. मग ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत तो म्हणाला, "सगळं पटलं काकू. एकच सांगा. तुमची नात येणार का?"

"म्हणजे काय? येणार!"

"नाही, विचारलं आपलं. दुसऱ्याच्या पोरांना सांगायला सोपं असतं."

माणसं हसली. काकूंची कानशिलं तापली. "येणारच नाही, सगळ्यांच्या आधी येणार!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले. "फाटकातून पहिलं पाऊल माझ्या बेडकीचं! मग तर पाठवशील?"

"मग पाठवीन," सायकलवाला म्हणाला. "शब्द."

आणि बाकीचेही म्हणाले, मग आम्हीही. काकू ताठ मानेने निघाल्या. वळणावर आल्यावर त्यांनी जीभ चावली. सुनेला विचारलंच नव्हतं.

सकाळी दगड परत बसवला, पट्टा चढवला. टाकी लावल्यावर पहिल्या दळणात दगडाची बारीक कच उतरते, म्हणून ते पहिलं दळण नेहमी गिरणीवाल्याच्या घरचं असतं. गिऱ्हाइकाला कच द्यायची नाही, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. काकूंनी वरून घरचा मका ओतला, गिरणी घरघरली, खाली करड्या रंगाचं पीठ पडायला लागलं. सून ते टोपल्यात भरून मागच्या अंगणात कोंबड्यांपुढे टाकायला निघाली. काकू तिच्या मागे गेल्या. बोलायला तेवढीच शांत जागा होती.

"मी सायकलवाल्याला म्हणाले, आपली बेडकी सोमवारी पहिली जाईल."

सुनेने टोपलं खाली ठेवलं. कोंबड्या धावत आल्या. "मला कळलं काल. सगळ्या गावाला ऐकू गेलं, मला नाही जाणार?"

"मग? नर्सबाई म्हणाल्या, आता बरी आहे, पाठवा. आणि पहिलं दळण नेहमी आपल्याच घरचं असतं की नाही? लोकांना विश्वास वाटतो."

"असतं ना," सून म्हणाली. "पण आई, पहिलं दळण आपण खात नाही. कोंबड्यांना घालतो. माझी मुलगी कोंबड्यांपुढे टाकायची नाही मला."

एवढं लांब वाक्य ती महिन्याभरात बोलली नव्हती.

"तापाच्या घरांमागे तुम्ही आपलं दळत होतात," सून पुढे म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "काय दळलंय, कोणाच्या पाठीवर दळलंय, ते मला माहीत असायचं. मी मळायचे, मी भाजायचे, मी तिच्या ताटात वाढायचे. एकदाही नाही म्हणाले नाही. तुम्ही करताय ते चांगलंच आहे म्हणून. मग तिला ताप आला."

"अगं पण तो पाण्याने—"

"पाण्यानेच आला. मला समजतं आई. पण तिच्या कपाळावर हात ठेवला की काही समजत नाही." तिने टोपलं उचलून झटकलं. "तेव्हाही तुम्ही मला विचारलं नव्हतंत. आताही नाही. तेव्हा मी नाही म्हटलं नाही. आता म्हणते."

ती आत गेली. काकू कोंबड्यांमध्ये उभ्या राहिल्या. त्यांना राग यायला हवा होता आणि तो शोधूनही सापडत नव्हता. एकदाही नाही म्हणाली नाही. हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. लोक त्यांना हात जोडून धन्यवाद देत होते, धोब्याची आई चहा पाजत होती, आणि ते पीठ मळणारे हात घरात होते. त्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं. सगळ्यात आधी काकूंनी म्हणायला हवं होतं, तर त्यांनीही नाही.

रविवारी शाळा झाडायला समितीचे म्हणून काकू आणि गुरुजी होते. अध्यक्षांनी गुडघ्याचा निरोप पाठवला. काकूंनी बाकांवरची धूळ पुसली, कोळिष्टकं काढली, फळ्याला ओलं फडकं मारलं. शाळेला कुलूप लागलं त्या दिवशीचा धडा फळ्यावर तसाच होता. तो पुसताना त्यांना वाईट वाटलं. हौदापाशी नर्सबाई पावडरचं माप टाकत होत्या.

"काकू, एवढ्या गप्प कशा?" नर्सबाईंनी विचारलं. "बरं नाही का?"

"बरी आहे. तुम्ही होतात म्हणून बरी आहोत सगळे." काकू पटकन म्हणाल्या आणि पुन्हा झाडायला लागल्या. नर्सबाई बघत राहिल्या. काकूंनी त्यांना आजवर पावडरच्या वासावरून नुसती दटावणीच दिली होती.

झाडता झाडता काकूंच्या मनात बरंच येऊन गेलं. नातीला सर्दी झाली म्हणावं. तिच्या मामाकडे पाठवली म्हणावं. सून शेतात गेली की गुपचूप पोरीला घेऊन यावं, हेही येऊन गेलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा सून चुलीपाशी होती. काकूंनी ताट घेतलं आणि तिला म्हटलं, "उद्या मी एकटी जाते. खरं काय ते सांगते." सुनेने त्यांच्याकडे बघितलं, आणि वाढलं. त्या दिवशी दोघींमध्ये एवढंच बोलणं झालं.

सोमवारी सकाळी फाटकाबाहेर गाव जमलं होतं. मुलं आंघोळ करून, केस चापून बसवून, नखं कापून आली होती. पण सगळी आईबापांच्या हातात हात देऊन रस्त्याच्या पलीकडे, झाडाखाली. फाटक सताड उघडं. आत गुरुजी आणि शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका बाई दारात उभ्या, नर्सबाई हौदाजवळ. अलीकडे कोणी नाही. "चला की," "तुम्ही व्हा पुढे," "नाही, तुमचं होऊ द्या," असं चाललं होतं. दोरवाली आपल्या मुलीला घेऊन सगळ्यांपासून लांब, कुंपणाच्या टोकाला उभी होती.

काकू फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांनी आधी त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

"माझी नात आलेली नाही," काकू म्हणाल्या. ओरडायची गरज नव्हती, तरी आवाज तोच निघाला. "मी तिच्या आईला न विचारता तुम्हाला शब्द दिला. तो माझा नव्हताच द्यायला. ती पोर मरता मरता राहिली, तिची आई घाबरलेली आहे, आणि तिने घाबरू नये असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हौद स्वच्छ आहे. पाणी चांगलं आहे. हे मी तेव्हाही खरं सांगितलं आणि आताही खरं सांगते. पण माझ्या भरवशावर आला असाल तर परत जायला मी तुम्हाला अडवत नाही. दुपारी साहेबांचा फोन येईल. मुलं नसली तर शाळा जाईल. ते तुम्हाला माहीत आहे. झालं माझं."

मग सायकलवाला म्हणाला, "म्हणजे काकूंच्याच घरात भरवसा नाही." तो टोचून बोलला नाही, उलट जरा दुःखानेच बोलला, आणि त्याने मुलाचा हात धरून पाठ फिरवली. त्याच्या मागे आणखी दोन घरं वळली. शिवणकामवालीने लेकीच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं. काकूंना वाटलं, आता खाली बसावं.

तेवढ्यात रस्त्यावरून सून येताना दिसली. गिरणीतून तशीच उठून आली होती. केसांवर, भुवयांवर पीठ. एका हातात स्टीलचा पेला. बेडकी बरोबर नव्हती. ती कोणाशी न बोलता झाडाखालून गेली, फाटकातून आत गेली, काकूंच्या अंगावरून गेली आणि सरळ हौदाच्या नव्या नळापाशी थांबली. पेला विसळला. भरला. आणि सगळ्यांकडे तोंड करून, उभ्या उभ्या, एका दमात प्यायली. पुन्हा भरला. पुन्हा प्यायली. हनुवटीवरून पाणी गळलं तिथलं पीठ धुऊन निघालं.

"पहिलं दळण घरचंच असतं," ती म्हणाली. तिला मोठ्याने बोलायची सवय नव्हती, त्यामुळे लोक चार पावलं पुढे आले. "पण मुलीचं नाही. आधी माझं. मी इथे पायरीवर बसते. शाळा सुटेपर्यंत हेच पाणी पिते. रोज येऊन पिते. मला काही झालं तर तुमच्या डोळ्यांसमोर होईल. नाही झालं, की मी माझी मुलगी आणते."

"अहो, ताप असा लगेच चढत नाही—" नर्सबाई बोलायला गेल्या, आणि गुरुजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वाक्य गिळून टाकलं. मग त्यांनी स्वतःच पुढे होऊन सुनेच्या हातातला पेला घेतला, नळाखाली धरला आणि प्यायल्या.

सून पायरीवर बसली. कुंपणाच्या टोकाला हालचाल झाली. दोरवाली मुलीला घेऊन येत होती, सगळ्यांच्या मधून. लोक बाजूला झाले, सवयीने. ती काकूंसमोर थांबली, पण बोलली सुनेशी.

"वहिनी, आमच्या घरात माणूस गेलं तेव्हा आमच्या पाठीवर तुम्ही दळायचात. तुम्ही मळायचात, तुम्ही खायचात. आमचं दुसऱ्या कोणी हातात घेतलं नाही. मला कधी बोलता आलं नाही." तिने मुलीचा हात सोडला. "आज तुमच्या पाठीवर आमचं."

तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. पोरगी एकदा मागे वळली, मग चपला काढून वर्गात गेली. आतून बाक सरकल्याचा आवाज आला. कुलूप लागल्यापासून तो आवाज कोणी ऐकला नव्हता.

त्यानंतर कोणी कोणाला आधी व्हा म्हटलं नाही. धोब्याचा नातू गेला. गवंड्याची दोन गेली. सायकलवाल्याचा मुलगा बापाचा हात सोडवून पळत सुटला, कारण त्याचे सगळे मित्र आत होते आणि खिडकीजवळची जागा जात होती. सायकलवाला रिकाम्या हाताने उभा राहिला, मग काकूंकडे बघून डोकं खाजवत म्हणाला, "संध्याकाळी डबा आणतो. कोणाच्याही पाठीवर दळा."

काकू काहीच बोलल्या नाहीत. हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी साहेबांचा फोन आला तेव्हा गुरुजींनी तो वर्गाच्या खिडकीत धरला आणि म्हणाले, "ऐका." आत पाढे चालले होते. साहेबांना दुसरं काही ऐकूच येत नव्हतं, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सून शाळा सुटेपर्यंत पायरीवर बसली होती. काकूंनी एकटीने गिरणी चालवली. डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि दोरवाल्यांचा डबा मधोमध होता. त्याच्या मागे शिवणकामवालीचा, तिने तो उचलून नेला नाही. संध्याकाळी सून आली, पेला खिडकीत ठेवला आणि पट्ट्याखालचं पीठ झाडायला लागली. काकूंनी गिरणी बंद केली. त्या तिच्याजवळ गेल्या आणि स्वतःच्या पदराने तिच्या कपाळावरचं पीठ पुसलं.

"तू मळलेलं सगळं मी खाल्लं," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावाने मला धन्यवाद दिले. ते तुझे होते. मी ठेवून घेतले. आता देते."

"असू दे आई."

"असू दे कसं? आणि तू खाच माझ्यापेक्षा सरळ पाडतेस. तेही सांगायचं राहिलं होतं."

सून हसली. मग खाली बसली आणि जरा वेळ रडली. काकू तिच्याशेजारी पोत्यावर बसून राहिल्या, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी हातानेच थांबायला सांगितलं.

सून त्या आठवड्यात रोज पाणी प्यायला गेली. बेडकी रोज दारात उभी राहून विचारायची, "आई, काही झालं का तुला?" आणि आई काही नाही झालं, पण अजून थांब म्हणाली की पोरगी हिरमुसायची, कारण दोरवाल्यांची मुलगी तिला शाळेतलं सगळं वाढवून सांगत होती. मग एका सकाळी सुनेने तिला नवं दप्तर अडकवलं, उकळलेल्या पाण्याची बाटली गळ्यात घातली आणि म्हणाली, "चल."

काकू गिरणीच्या दारात उभ्या होत्या. नात अंगणातून निघाली, आईचं बोट धरून, शहाण्यासारखी चालत. गिरणीसमोर सांडपाण्याची नाली आहे. तिथे ती थांबली. आईचं बोट सोडलं, दोन्ही पाय जुळवले आणि उडी मारली. बाटली छातीवर आपटली. पलीकडे जाऊन तिने मागे बघितलं, कोणी ओरडतंय का म्हणून.

काकू ओरडल्या नाहीत. सूनही नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग काकू आत वळल्या, रांगेतला पहिला डबा हाताला लागला तो कोणाचा हे न बघता वर ओतला, आणि गिरणी चालू केली.